चुंबक बंद होत नाही

मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात २७ जानेवारी २०१८ रोजी एक तरुण आपल्या आजारी नातलगासोबत एमआरआयच्या खोलीत गेला. रुग्णाला ऑक्सिजन लागत होता, म्हणून सिलिंडर या तरुणाच्या हातात होतं. आत पाऊल टाकताच सिलिंडर यंत्राकडे खेचलं गेलं आणि त्याच्यासोबत तोही. थोड्याच वेळात त्याचा मृत्यू झाला. यंत्र बंद आहे, सिलिंडर आत आणा, असं कर्मचाऱ्यानेच सांगितलं होतं, असं नातेवाइकांचं म्हणणं. पोलिसांनी कलम ३०४-अ खाली गुन्हा नोंदवला, एका डॉक्टरसह कर्मचाऱ्यांना अटक झाली, सरकारने पाच लाखांची मदत जाहीर केली.

‘यंत्र बंद आहे’ हे वाक्य एमआरआयच्या बाबतीत जवळपास कधीच खरं नसतं. तपासणी संपली की तो ठकठक आवाज थांबतो, पडदा काळा होतो. पण द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवलेला चुंबक रात्रंदिवस, अगदी सुट्टीच्या दिवशीही जागाच असतो. नेहमीच्या १.५ टेस्लाच्या यंत्राची ओढ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीसेक हजार पट. चुंबक खरोखर घालवायचा तर हेलियम बाहेर सोडून द्यावं लागतं. ते काम महागडं आणि जोखमीचं, त्यामुळे सहसा कुणी करत नाही. तंत्रज्ञाला हे पाठ असतं. स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना ते कुणी, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगितलं होतं?

हा प्रश्न तीन वर्षं आधीच विचारायला हवा होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत, जवळजवळ हेच घडलं होतं. सिलिंडर आत नेणारा वॉर्डबॉय आणि एक तंत्रज्ञ यंत्राला चिकटून चार तास अडकून पडले. जखमी झाले, पण वाचले. त्याच्याही आधी जुलै २००१ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या व्हलहाला इथल्या रुग्णालयात तपासणी चालू असताना सिलिंडर उडत आलं आणि त्याने सहा वर्षांच्या मुलाचा जीव घेतला. त्या घटनेनंतर अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने २००२ मध्ये एमआरआय विभागाचे चार टप्पे आखून दिले, चौथा म्हणजे खुद्द चुंबकाची खोली. बाहेरचा माणूस थेट चुंबकाच्या खोलीत पोचूच नये, मधल्या दारांवर त्याची झडती व्हावी, अशी ती आखणी.

न्यूयॉर्कचा धडा खारघरला पोचला नाही, हे एकवेळ समजून घेऊ. पण खारघर ते मुंबई सेंट्रल हे अंतर चाळीसेक किलोमीटर आहे.

रुग्णालयातल्या दुर्घटनांची चौकशी कशी होते आणि कशी व्हावी, या प्रश्नाचा आढावा घ्यायला याहून नेमकं उदाहरण सापडणं कठीण. चौकशी होत नाही, अशी आपल्याकडे तक्रार करायला जागा नाही. चौकशा पुष्कळ होतात. त्यांचा रोख ‘कोण’ या शब्दावर असतो आणि नाव सापडलं की फाईल बंद होते. ‘का’ हा शब्द उरतो, आणि तो पुढच्या रुग्णालयात नव्याने माणूस गाठतो.

आजारामुळे नव्हे, तर उपचाराच्या ओघात रुग्णाला झालेली इजा, किंवा होता होता टळलेली इजा, म्हणजे रुग्णसुरक्षेची घटना. चुकीचं इंजेक्शन, उलट्या बाजूची शस्त्रक्रिया, रिकामं सिलिंडर, पोटात राहिलेला कापसाचा बोळा, वेळेत न वाचलेला तपासणीचा अहवाल, सगळं यात येतं. उपचार घेणाऱ्या दर दहांत साधारण एका रुग्णाला अशी काही ना काही इजा होते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. १९९९ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने तिथल्या रुग्णालयांत अशा चुकांनी वर्षाला ४४ हजार ते ९८ हजार माणसं मरत असावीत, असं सांगितलं तेव्हा खळबळ उडाली. आकड्यांवर पुढे बराच वाद झाला. पण त्या अहवालाचा गाभा आकड्यांत नव्हता. चांगली माणसं वाईट व्यवस्थेत चुकतात, म्हणून माणसं बदलून भागत नाही, हे त्याचं म्हणणं होतं.

आता आपल्याकडचं एक वर्ष पाहू. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या विशेष कक्षाला आग लागली. आत १७ बाळं होती. सात वाचली, दहा गेली. मंत्री आले, समिती नेमली गेली, निलंबनं झाली आणि राज्यभरच्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश सुटले. मार्चमध्ये भांडुपला एका मॉलमधल्या रुग्णालयाला आग लागली. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती होऊन पुरवठा तुटला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. दोनच दिवसांनी विरारच्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली, त्या दिवशीचा आकडा १३. आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, सिव्हिलमध्ये कोविडकाळात नव्याने उभारलेल्या अतिदक्षता कक्षाला आग लागून ११ जण गेले. तपासणीचे आदेश निघून तेव्हा दहा महिने होत आले होते.

नगरच्या आगीनंतर सगळ्यात आधी अटक कुणाला झाली? एक महिला डॉक्टर आणि तीन परिचारिका. वायरिंगचा आराखडा त्यांनी केला नव्हता, कक्षाचं बांधकाम त्यांनी तपासून घेतलं नव्हतं, अग्निशमन यंत्रणेची निविदा त्यांच्या टेबलावर नव्हती. त्यांच्या वागण्यात काही चुकलं असेल तर ते न्यायालय बघेल, आणि त्याने बघायलाच हवं. पण आपल्याकडच्या चौकशीला एक उतार असतो आणि पाण्यासारखी तीही उताराने वाहते. पगाराच्या उतरंडीत जो जितका खाली, तितकी त्याची अटक लवकर. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाल्याची बातमी फुटली, त्यात १२ नवजात बाळं होती. त्यानंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, कॅमेऱ्यांसमोर. स्वच्छतागृह घाण होतं, यात शंका नाही. पण आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि शेजारच्या तेलंगणातून रुग्ण कोणत्या अवस्थेत तिथे पोचत होते, औषधांची खरेदी कुठे अडली होती, एका परिचारिकेकडे किती बाळं होती, या प्रश्नांना झाडू पुरत नाही.

म्हणजे आपल्याकडे व्यवस्थेची चौकशी कधी झालीच नाही का? झाली आहे, आणि ती मुंबईतच झाली.

१९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांची मूत्रपिंडं एकापाठोपाठ एक निकामी होऊ लागली. या रुग्णांना ग्लिसरॉल दिलं गेलं होतं. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी दिलं जाणारं जुनं, गोडसर, निरुपद्रवी औषध. चौदा जण गेले. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक निघालं. न्या. बख्तावर लेंटिन यांचा आयोग नेमला गेला आणि १९८८ मध्ये त्याचा अहवाल आला. लेंटिन यांनी केलं ते असं: ते रुग्णाच्या खाटेजवळच्या बाटलीपासून निघाले आणि उलटे चालत गेले. वॉर्डातून औषधभांडारात, तिथून खरेदीच्या कागदांत, निविदेत, पुरवठादाराकडे, मग अन्न व औषध प्रशासनात आणि अखेर मंत्र्यांच्या दालनापर्यंत. औषध पाजणाऱ्या परिचारिकेपाशी ते थांबले नाहीत. तत्कालीन आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं. महाराष्ट्रातल्या कोणत्याही आरोग्य चौकशीने इतकी उंची आधी गाठली नव्हती, आणि माझ्या मते नंतरही नाही.

तरीही त्या विषाचं पुढे काय झालं ते पाहिलं की मन खट्टू होतं. १९९८ मध्ये गुरुग्राममध्ये त्याच रसायनाने लहान मुलं दगावली. २०१९-२०च्या हिवाळ्यात जम्मूच्या उधमपूर जिल्ह्यात तेच. २०२२ मध्ये गाम्बियात भारतातून गेलेल्या सिरपनंतर सुमारे सत्तर मुलं गेली. आणि २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुलांचा बळी घेतला. त्यांपैकी अनेकांनी शेवटचे दिवस नागपूरच्या रुग्णालयांत काढले. तमिळनाडूच्या औषध नियंत्रण विभागाला त्या सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल सापडलं. मर्यादा आहे ०.१ टक्का. सुरुवातीलाच अटक झाली ती औषध लिहून देणाऱ्या स्थानिक बालरोगतज्ज्ञाला. पुढे तपास कंपनीच्या मालकापर्यंत गेला, पण पहिला हात कुठे पडला ते लक्षात घ्यावं. बाटलीत काय आहे हे डॉक्टर चाखून सांगू शकत नाही. ते काम कारखान्याच्या प्रयोगशाळेचं आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या निरीक्षकाचं.

लेंटिन अहवाल उत्तम होता. मग तो मुरला का नाही? मला याचं उत्तर अहवालाच्या नंतरच्या रिकाम्या जागेत दिसतं. आयोग संपतो, न्यायमूर्ती घरी जातात, आणि शिफारशींपैकी कोणत्या अमलात आल्या हे दर सहा महिन्यांनी विचारणारं कायमस्वरूपी टेबल कुठेच नसतं.

चुकांकडे बघण्याची आजची रीत मुख्यतः जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाची देणगी. २०२५च्या फेब्रुवारीत ते वारले. ते स्वतः सांगत की या विषयाची सुरुवात त्यांच्या स्वयंपाकघरात झाली: चहा करताना मांजर ओरडत होतं, त्यांनी मांजराचं खाणं काढलं आणि ते किटलीत टाकलं. दोन्ही कामं हातांना पाठ होती, आणि दोन्हींत ‘काहीतरी चमच्याने भांड्यात घालणं’ एकसारखं होतं. वेंधळेपणाचा हा प्रकार आपण हसून सोडून देतो. रीझन यांना त्यात नियम दिसला. त्यांचं प्रसिद्ध रूपक भोकं असलेल्या चीजच्या चकत्यांचं आहे. आपण पिठाच्या चाळण्या घेऊ. एकावर एक पाच चाळण्या ठेवल्या तर खडा सहसा कुठेतरी अडतो. पण सगळ्यांची भोकं एखाद्या क्षणी एका रेषेत आली की खडा थेट परातीत. शेवटची चाळणी धरणारा हात म्हणजे परिचारिका. आपण त्या हाताकडे बोट दाखवतो, कारण खडा पडताना तोच दिसला.

अशाच विचारातून विमानवाहतूक, अणुऊर्जा आणि पुढे रुग्णालयांत ‘मूळ कारणाचा शोध’ नावाची पद्धत रूढ झाली. पाच वेळा ‘का’ विचारा, माशाच्या काट्यासारखी आकृती काढा, मुळाशी जा. नाव सुंदर आहे, आणि तिथेच फसगत आहे. मूळ एकच असतं, असं ते नाव सुचवतं. प्रत्यक्षात वडाच्या झाडासारखी स्थिती असते, पारंब्या किती आणि मूळ कोणतं हे सांगता येत नाही. मोहम्मद फरहाद पीरली आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या पद्धतीच्या दुखण्यांची नेमकी मांडणी केली: तपास घाईचे, तपासणारे त्याच संस्थेचे आणि अप्रशिक्षित, उपाय दुबळे, आणि एका रुग्णालयाने शिकलेलं दुसऱ्याला कळण्याची सोय नाही.

उपाय दुबळे म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. ‘संबंधितांना सक्त सूचना देण्यात आल्या आहेत.’ ‘कर्मचाऱ्यांसाठी प्रशिक्षण वर्ग घेण्यात येईल.’ भिंतीवर आणखी एक सूचनाफलक. हे सगळं दमलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर उभं असतं. मजबूत उपाय स्मरणशक्तीला कामालाच लावत नाही. भूल देणाऱ्यांच्या यंत्रात हे फार पूर्वी झालं. ऑक्सिजनच्या आणि नायट्रस ऑक्साईडच्या सिलिंडरच्या तोंडावरची भोकं आणि त्यांत बसणाऱ्या यंत्रावरच्या खुंट्या यांची जागा वेगळी ठेवली, म्हणजे चुकीचं सिलिंडर बसतच नाही. व्हिन्क्रिस्टीनची कथा याची दुसरी बाजू दाखवते. कर्करोगाचं हे औषध शिरेतून द्यायचं असतं. मणक्यातून दिलं तर जवळजवळ नेहमीच मृत्यू. २००१च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या क्वीन्स मेडिकल सेंटरमध्ये एका अठरा वर्षांच्या मुलाला ते मणक्यातून दिलं गेलं आणि महिन्याभरात तो गेला. हीच चूक त्याच देशात आधीही अनेकदा झाली होती. दर वेळी सूचना निघाल्या होत्या, लेबलं बदलली होती. ब्रायन टॉफ्ट यांनी केलेल्या चौकशीत दिसलं की शिरेची सिरिंज मणक्याच्या सुईला आरामात बसते, हाच सापळा आहे. त्यानंतर कुठे औषध सिरिंजऐवजी छोट्या पिशवीतून द्यायची रीत रुजली, आणि मणक्याच्या सुईला इतर काही जोडताच येणार नाही असे वेगळे जोड घडवले गेले. यापुढे त्या दमलेल्या निवासी डॉक्टरला लक्षात ठेवायची गरज नाही. बसतच नाही, तर देणार कसं?

चौकशीची पद्धत बदलण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग इंग्लंडने केला, त्यामुळे त्याच्याकडे जरा सावकाश पाहायला हवं. या प्रयोगामागे एक वैमानिक आहे. मार्च २००५ मध्ये मार्टिन ब्रॉमिली यांची पत्नी इलेन सायनसच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झाली. भूल दिल्यावर श्वासमार्ग मोकळा होईना. तीन अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले, वेळेचं भान सुटलं. एका परिचारिकेने गळ्यात छेद देण्याचा संच आणून ठेवला, दुसरीने अतिदक्षता विभागात खाट अडवून ठेवली. काय करायला हवं हे त्यांना कळत होतं. ते डॉक्टरांना कसं सांगायचं हे कळत नव्हतं. आपल्या कोणत्याही शस्त्रक्रियागृहात हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहावं. तिथे ‘सर’ हा शब्द वाक्याच्या आधीही येतो आणि नंतरही, आणि मधलं वाक्य बहुधा गिळलं जातं. तेरा दिवसांनी इलेन गेल्या. ब्रॉमिली यांनी विचारलं, चौकशी कधी? उत्तर आलं, तुम्ही दावा लावलात किंवा तक्रार केलीत तर. त्यांच्या व्यवसायात विमान पडलं की चौकशी आपोआप सुरू होते. त्यांनी दावा लावला नाही, चौकशी मागितली, आणि ती झाल्यावर नावांवर बोट न ठेवता तिचे निष्कर्ष सगळ्यांना शिकवायला खुले केले.

पुढे २०१७ मध्ये इंग्लंडने आरोग्यसेवेसाठी स्वतंत्र सुरक्षा तपास शाखा काढली आणि तिचं प्रमुखपद विमान अपघात तपासातून आलेल्या कीथ कॉनराडी यांना दिलं. ऑक्टोबर २०२३ पासून ती कायद्याने स्वतंत्र संस्था झाली. तिच्यापुढे कर्मचारी जे सांगतील त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं, ते न्यायालयात सहजासहजी ओढता येत नाही. त्याआधी २०२२च्या ऑगस्टमध्ये एनएचएसने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेने, घटनांना प्रतिसाद देण्याची नवी चौकट आणली. जुन्या चौकटीत प्रत्येक ‘गंभीर’ घटनेचा साठ कामकाजी दिवसांत तपास सक्तीचा होता; त्यामुळे फाईली वेळेत भरत आणि शिकणं राहून जाई. नव्या चौकटीत रुग्णालयाने आधी विचार करायचा, की कोणत्या घटनेतून खरोखर काही नवं कळेल. जुनाच प्रश्न असेल तर पुन्हा पन्नास पानी अहवाल नको, सुधारणेचं काम करा. छोट्या प्रसंगाला त्याच दिवशी त्याच जागी उभ्या उभ्या बैठक. आणि मृताच्या नातेवाइकांना शेवटी निकाल ऐकवायचा नाही. काय शोधायचं आहे, हे सुरुवातीलाच त्यांनाही विचारायचं.

कागदावर हे मोहक आहे. पण मला त्याबद्दल दोन शंका आहेत. कोणती घटना शिकण्यासारखी आहे हे रुग्णालयच ठरवणार असेल, तर अडचणीची घटना ‘फारसं नवं नाही’ या सदरात टाकायला किती वेळ लागतो? आणि इंग्लंडच्या प्रसूती सेवांची हकीकत पाहिली की मन आणखी साशंक होतं. मोरकम बे २०१५, श्रूजबरी २०२२, ईस्ट केंट २०२२: दर वेळी जाडजूड अहवाल, दर वेळी आयांचं म्हणणं ऐकलं गेलं नाही हाच निष्कर्ष. आता तर २०२५ मध्ये डॉ. पेनी डॅश यांच्या आढाव्याने ती स्वतंत्र तपास संस्था नियामकात विलीन करण्याची शिफारस केली. तपास करणारा आणि दंड करणारा एकाच छपराखाली आले की कर्मचारी कुणाशी मोकळं बोलणार?

ही भीती काल्पनिक नाही. २०११ मध्ये लेस्टरच्या रुग्णालयात सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. डॉ. हदिझा बावा-गार्बा नुकत्याच बाळंतपणाच्या रजेवरून परतल्या होत्या, त्या दिवशी इतर डॉक्टरांचंही काम त्यांच्यावर होतं, तपासण्यांचे निकाल देणारी संगणक यंत्रणा बंद पडली होती. त्यांच्या हातून चुकाही झाल्या. २०१५ मध्ये त्यांना मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं गेलं, जानेवारी २०१८ मध्ये नोंदणी काढून घेतली गेली, ऑगस्टमध्ये न्यायालयाने ती परत दिली. मधल्या काळात ब्रिटनमधले डॉक्टर आपल्या चुकांबद्दल लिहायला घाबरू लागले. जपानमध्येही हेच चक्र फिरलं. फुकुशिमातल्या एका प्रसूतितज्ज्ञाला २००६ मध्ये अटक झाली, २००८ मध्ये तो निर्दोष सुटला. आणि मग २०१५ पासून अनपेक्षित मृत्यूची नोंद पोलिसांपेक्षा वेगळ्या तपास केंद्राकडे करण्याची व्यवस्था आली. डेन्मार्कने तर २००४ मध्येच कायदा लागू केला: चूक स्वतः कळवणाऱ्यावर त्या कळवण्यावरून कारवाई नाही.

भारतीय कायद्याने या प्रश्नाला सगळ्यात जवळून स्पर्श केला तो जेकब मॅथ्यू खटल्यात, आणि तोही एका सिलिंडरमुळेच. १९९५ मध्ये लुधियानाच्या रुग्णालयात एका वृद्ध रुग्णाला श्वास लागला. डॉक्टर उशिरा आले, तोंडाला लावलेलं सिलिंडर रिकामं निघालं, दुसरं आणेपर्यंत आणि जोडेपर्यंत रुग्ण गेला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं की डॉक्टरवर फौजदारी खटला भरायला साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर हवा. न्यायालयाने त्या निकालात ॲलन मेरी आणि अलेक्झांडर मॅककॉल स्मिथ यांच्या वैद्यकीय चुका आणि कायदा या विषयावरच्या पुस्तकाचा आधार घेतला; हे मॅककॉल स्मिथ म्हणजे बोत्स्वानातल्या महिला गुप्तहेराच्या कादंबऱ्या लिहिणारेच. डॉक्टर सुटले; रुग्णालय दिवाणी कायद्याने कदाचित जबाबदार ठरेल, पण त्यावर आपण मत देत नाही, असं न्यायालय म्हणालं. पण ते सिलिंडर रिकामं का होतं? भरलेली आणि रिकामी वेगळी ठेवत होते का, सकाळी कोण तपासत होतं? हा प्रश्न खटल्याच्या कक्षेतच नव्हता, म्हणून कुणी विचारला नाही. कायद्याचा हा दोष नाही. न्यायालय दोषाचं माप घेतं, तपास यंत्रणा कारणाचं. एकाच काट्यावर दोन्ही तोलायला गेलं की दोन्ही हुकतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत, इतरांना पाच वर्षांपर्यंत कैद आहे. परिचारिका ‘इतरां’त मोडते. नगरच्या त्या तीन परिचारिका आठवल्या की हा फरक बोचतो.

नातेवाइकांची बाजू याहून सोपी नाही. मृत्यूनंतर त्यांना कुणी बसवून काही सांगत नाही. केसपेपरच्या प्रती मागितल्यावर ७२ तासांत द्याव्यात, असं २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेच्या विनियमांत आहे. किती जणांना ते माहीत असतं? म्हणून माणूस एक तर पोलिसांकडे जातो, नाही तर ग्राहक आयोगाकडे, आणि कधी कधी काचा फोडतो. काचा फोडणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने २०१० मध्ये स्वतंत्र कायदा केला. उत्तर देणाऱ्यांसाठी मात्र केला नाही.

तुलनेला विमान घ्या. २०१२ पासून भारतात विमान अपघात तपास ब्युरो आहे आणि आंतरराष्ट्रीय करारानुसार त्याचं काम दोष ठरवणं नाही, पुढचा अपघात टाळणं आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं आणि महिन्याभरात प्राथमिक अहवाल लोकांसमोर आला. (वाहिन्यांनी त्यातूनही ‘वैमानिक की यंत्र’ एवढाच प्रश्न काढला, तो भाग वेगळा.) रुग्णालयांसाठी असं टेबल नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, उपकरणांचा २०१५ पासून. रुग्णसुरक्षेची राष्ट्रीय चौकट २०१८ मध्ये आली. एनएबीएच या रुग्णालयांची गुणवत्ता जोखणाऱ्या मंडळाचं मानांकन हवं असेल तर गंभीर घटनांचं विश्लेषण करावं लागतं, पण ते त्या रुग्णालयाच्या फाईलमध्येच राहतं.

मग आपल्याकडे शिकण्यासाठी केलेली चौकशी कुठे दिसते? बाळंतपणात. २०१० पासून माता-मृत्यूंचं परीक्षण आणि २०१७च्या नव्या मार्गदर्शिकेनुसार प्रत्येक मृत्यूची वेळेत दखल. त्यात ‘ना नाव, ना दोष’ हे तत्त्व स्पष्ट लिहिलेलं आहे. केरळने ते केंद्र सरकारच्या आधीच सुरू केलं होतं. २००४ पासून तिथल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेत डॉ. व्ही. पी. पैली आणि सहकारी मृत मातांचे केसपेपर नावं खोडून वाचतात. रुग्णालयाचं नाव नाही, डॉक्टरचं नाही, बाईचंही नाही. उरतो तो घटनाक्रम: रक्तस्राव किती वाजता सुरू झाला, रक्त किती वाजता मागवलं, किती वाजता आलं. त्या वाचनातून निघालेले धडे राज्यभर जातात, आणि रक्तस्राव थांबवण्याची नवी साधनंही त्यातून आली. २०१८-२० मध्ये केरळचा माता-मृत्यू दर लाख जिवंत जन्मांमागे १९ होता, महाराष्ट्राचा ३३, देशाचा ९७. हा फरक केवळ केसपेपर वाचून पडलेला नाही. शिक्षण, रस्ते, रक्तपेढ्या, सगळं त्यात आहे. पण आपल्याच देशात, आपल्याच कायद्याखाली, आपल्याच डॉक्टरांनी वीसहून अधिक वर्षं नेटाने चालवलेली ही एकच पद्धत मला दाखवता येते, आणि तिला ना आयोग लागला ना नवा कायदा.

शिक्षा नकोच, असं कुणी यातून काढू नये. बनावट औषध विकणारा, दारू पिऊन शस्त्रक्रिया करणारा, नोंदी फाडणारा गजाआडच हवा. पण त्या खोलीत आणि शिकण्याच्या खोलीत भिंत हवी, आणि शिकण्याच्या खोलीतून निघालेला कागद चाळीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात आठवड्याभरात पोचेल अशी टपाल व्यवस्था हवी.

टपाल असूनही काय होतं तेही सांगायला हवं. जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्याच वेस्टबरी इथे एक महिला एमआरआय करून घेत होती. तपासणी संपली, उठायला मदत हवी म्हणून तिने नवऱ्याला हाक मारली. ६१ वर्षांचा तो माणूस आत आला. त्याच्या गळ्यात व्यायामाची जाड, नऊएक किलोची साखळी होती. व्हलहालापासून वेस्टबरी तासाभराच्या अंतरावर आहे, आणि व्हलहालाच्या घटनेनंतर आखलेल्या त्या चार टप्प्यांना तेवीस वर्षं झाली होती. चौथ्या टप्प्याचं दार त्या दुपारी उघडं होतं.